समर तिकडे, पावसाळा इकडे

आधी एक खुलासा. शिळफाटे दोन आहेत. एक ठाण्याकडचा, कल्याण-शीळ रोडचा, जिथल्या ट्रॅफिक जॅमच्या नावाने अख्खी डोंबिवली खडे फोडते. तो नव्हे. आपला शिळफाटा खोपोलीचा. जुन्या मुंबई-पुणे हायवेवर, बोरघाट सुरू व्हायच्या जरासा अलीकडे. २००२ मध्ये एक्स्प्रेस-वे पूर्ण झाला आणि मुंबई-पुणे करणारी बहुतेक मंडळी वरच्या वर सटकायला लागली. त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांनी या गावाचं नाव फक्त हिरव्या बोर्डावर वाचलेलं असणार. असो.

तर आमच्या ग्रुपमधली एक मुलगी या शिळफाट्याची. तिला खरं नाव आहे, पण ते फक्त तिच्या पासपोर्टवर. आम्ही तिला ‘शिळफाटा’च म्हणतो. ‘ए शिळफाटा, चहाला येतेस का?’ असं. तीही ओ देते.

जून २०२३ मध्ये तिच्या कंपनीने तिला साडेतीन महिन्यांसाठी लंडनला पाठवलं. प्रोजेक्ट, ऑनसाइट, डेली अलाउन्स, सगळं साग्रसंगीत. पहिला परदेश प्रवास. आईने दिलेला गोडा मसाला, कोकमं आणि लसणाची चटणी बॅगेत कपड्यांच्या मधोमध. सप्टेंबरमध्ये गणपतीच्या दोन दिवस आधी ती परत आली. मधल्या काळात लंडनने तिला जाम प्रेमात पाडलं. आणि मग परतायच्या आठवड्यात तिला एक प्रश्न पडला, जो आता आपल्यातल्या बऱ्याच जणांना पडायला लागलाय. एखाद्या परक्या शहराचा निरोप कसा घ्यायचा?

हसू नका. माणसाचा निरोप घेता येतो. मिठी मारा, डोळे पुसा, व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढा. शहराचं काय करणार? तुम्ही निघालात हे त्याला कळतही नाही. जुबिली लाइनची ट्यूब तुमच्याशिवायही वेळेवर सुटते. तुमच्या नेहमीच्या कॉफीवाल्याला तुमचं नाव पाठ झालेलं असतं, पण पुढच्या सोमवारी त्याच कपावर दुसऱ्याचं नाव लिहिलं जातं. आपण मात्र विमानतळावर असे चेहरे करून बसतो, जणू काही टेम्सचं पाणी आपल्यासाठी थांबणार आहे.

शिळफाटाचं लंडन म्हणजे खरं तर एका ट्यूब लाइनवरचं लंडन. राहायला वेम्बलीत, ऑफिस कॅनरी वॉर्फला. वेम्बली पार्कला गाडीत बसायचं आणि थेट कॅनरी वॉर्फला उतरायचं, गाडी बदलायची भानगड नाही. वाटेत डॉलिस हिल लागतं. तिथे लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. हे मंडळ १९३२ सालचं, म्हणजे आपल्या आजी-आजोबांपेक्षाही वयाने मोठं. आणखी थोडं पुढे स्विस कॉटेजला उतरून चालत गेलं की दहा, किंग हेन्रीज रोड. डॉ. आंबेडकर विद्यार्थिदशेत जिथे राहिले ते घर. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतलं आणि तिथे आता स्मारक आहे. शनिवारी ती तिथे जाऊन आली. मग प्रिमरोज हिलच्या टेकडीवर बसून सँडविच खाल्लं. रात्रीचे नऊ वाजलेत आणि आपण गॉगल लावून बसलोय, हे तिने घरी व्हिडिओ कॉल करून दाखवलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लंडनला सूर्य मावळतो तो सव्वानऊ उलटून गेल्यावर. घरी तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. आई जांभई देत म्हणाली, ‘छान आहे गं. जेवलीस का?’

समर म्हणजे उन्हाळा नव्हे

शाळेत आपल्याला शिकवलं की समर म्हणजे उन्हाळा. साफ चूक! आपला उन्हाळा म्हणजे मार्च ते मे. करवंदं, जांभळं, आटलेल्या विहिरी, भर दुपारी गेलेली लाइट. त्यांचा समर जून ते ऑगस्ट. म्हणजे चक्क आपला आषाढ-श्रावण. त्यामुळे जो कोणी लंडनला, बर्लिनला, टोरंटोला ‘समर’ घालवायला जातो, तो इथला एक अख्खा पावसाळा बुडवतो. सरळ हिशोब आहे. पण ऑफर लेटर वाचताना हा हिशोब कुणी मांडत नाही.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला पावसाळा बुडाला तर आनंदच व्हावा. खड्डे नाहीत, बंद पडलेली लोकल नाही, कुबट वास मारणारे मोजे नाहीत. पण खोपोलीकडच्या माणसाचं तसं नसतं. तिथे वर्षाचे दोनच भाग, पाऊस आणि पावसाची वाट. घाटमाथ्यावर लोणावळ्याच्या बाजूला पडणारं पाणी तलावांत साठवायचं, मोठ्या पाइपांतून डोंगराखाली आणायचं आणि त्यावर वीज करायची, हा उद्योग टाटांनी खोपोलीत १९१५ मध्ये सुरू केला. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. म्हणजे ज्या पावसाला आपण लोकलमध्ये शिव्या घालतो, त्याच पावसावर या शहराचं इंजिन फिरलेलं आहे.

आणि खाणं! पहिल्या सरी पडल्या की डोंगरातल्या ठाकर-कातकरी बायका रानभाज्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. आधी शेवळं येतात. त्यांची खाज मारायला सोबत काकडं घ्यायची, नाहीतर जेवणानंतर घसा धरून बसायची पाळी. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली. प्रत्येकीचा मुक्काम मोजक्या दिवसांचा. फ्रोझन सेक्शन वगैरे काही नाही. चुकली की चुकली, पुढच्या वर्षी भेटू.

शिळफाटाने हे सगळं २०२३ मध्ये चुकवलं. त्या वर्षी पाऊस मुळात उशिरा आला, मुंबईत २५ जूनला. ती तेव्हा पार्कात आइसक्रीम खात होती. ब्रिटनमध्ये त्या वर्षीचा जून हा नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा सर्वांत गरम जून ठरला. तिचे ऑफिसमधले गोरे सहकारी घामाघूम होऊन कुरकुरत होते आणि ही म्हणत होती, ‘याला उकाडा म्हणतात? आमच्याकडे या एकदा मे महिन्यात!’

१९ जुलै

त्या समरमधल्या एका दिवसाबद्दल लिहिलं नाही तर बाकी सगळं खोटं वाटेल.

१९ जुलै २०२३. रात्री उशिरा खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची छोटी वाडी, वर जायला गाडीरस्ता नाही. बचाव पथकं पावसात, धुक्यात पायी चढून गेली. मोठी यंत्रं वर नेणं शक्यच नव्हतं, त्यामुळे माती हातांनीच उपसावी लागली. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती.

आपल्याकडे रात्र होती तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळ होती. अजून लख्ख उजेड होता. ती ऑफिसमधल्या लोकांबरोबर नदीकाठी बसलेली. बातमी तिला कळली दुसऱ्या दिवशी, ट्यूबमधून बाहेर आल्यावर, जेव्हा फोनवर एकदम चाळीस मेसेज आले. आधी घरी फोन. आई म्हणाली, ‘आपल्याकडे सगळं ठीक आहे. तू कामाला जा.’ ‘ठीक आहे’ हे तिने तीन वेळा म्हटलं, त्यावरूनच कळलं की ठीक नाही. त्या बाजूच्या वाड्यांमधल्या बायकांकडून तिची आई वर्षानुवर्षं भाजी घेत आलेली. त्या बाजारात दिसेनाशा झाल्या तर कुणाकडे चौकशी करणार? त्यांची नावं ठाऊक होती, पण फोन नंबर कुणाचाच नव्हता.

ऑफिसमध्ये एकाने काळजीने विचारलं, तुझ्या घरापासून जवळ आहे का? तिने नकाशा काढून दाखवला. तो ‘ओह’ म्हणाला आणि खरंच वाईट वाटल्यासारखा थोडा वेळ थांबला. मग मीटिंग सुरू झाली. त्याची काहीच चूक नव्हती. पण त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं की आपण इथे पाहुणे आहोत. इथल्या लांबच लांब संध्याकाळी आपल्या नाहीत. आपल्या वाट्याची संध्याकाळ तिकडे चिखलात उभी आहे.

‘मी तिथे असते तर काय केलं असतं?’ ती मला नंतर म्हणाली. ‘काही नाही. दोन ब्लँकेटं, चार किलो तांदूळ दिले असते. पण तिथे असते.’

‘येते’ म्हणायचं की नाही?

आता निरोपाकडे वळू. मराठीत एक मजा आहे. निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. कुणी चुकून ‘जाते’ म्हणालंच तर आजी दारातूनच ओरडते, ‘जाते काय? येते म्हण!’ म्हणजे आपल्याकडे ‘बाय’ला शब्दच नाही, जो आहे ते परत यायचं वचन आहे. घराला ‘येते’ म्हणणं सोपं, यायचंच असतं. पण साडेतीन महिने राहिलेल्या परक्या शहराला ‘येते’ म्हणायचं का? म्हटलं आणि नाही गेलो तर?

ज्यांनी हे वचन पाळलं त्यांच्यात पहिलं नाव आंबेडकरांचं. १९१६ मध्ये ते लंडनला शिकायला आले, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. पहिलं महायुद्ध सुरू होतं. त्यांचं सामान आणि पुस्तकं वेगळ्या बोटीने पाठवली होती, ती बोट पाणतीराने बुडवली गेली. पुस्तकं गेली, पैसे नव्हते, डिग्री अपुरी. एवढं झाल्यावर कुणीही त्या शहराचा नाद सोडला असता. त्यांनी जाताना विद्यापीठाकडून अभ्यास पुढे चालू ठेवायची मुदत मागून घेतली होती. १९२० मध्ये ते परत लंडनला गेले. बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये डीएस्सीही झाले. याला म्हणतात ‘येतो’.

दुसरी गोष्ट आनंदीबाई जोशींची. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कहून बोटीत बसल्या, नोव्हेंबरमध्ये मुंबईला उतरल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात नोकरी ठरलेली होती. पण क्षयाने पोखरलेल्या होत्या. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या, बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेला पाठवल्या, ज्यांनी तिथे त्यांना लेकीसारखं सांभाळलं त्या कार्पेंटरबाईंकडे. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्यांची शिळा आहे. परत गेल्या, पण अशा.

आणि तिसरी गोष्ट शिळफाटाच्या घरमालकीणबाईंची, वेम्बलीच्या बांची. गुजराती, सत्तरीच्या पुढच्या. मूळच्या युगांडातल्या कंपालाच्या. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं, त्या हजारो कुटुंबांतलं हे एक. इर्शाळवाडीच्या बातमीनंतर दोन दिवस ही मुलगी नीट जेवत नव्हती, तेव्हा बांनी न विचारता खिचडी-कढीचं ताट आणून ठेवलं आणि समोर बसून राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत.

निघायच्या आदल्या रात्री त्याच बा म्हणाल्या, ‘गुडबाय नहीं बोलनेका बेटा. आवजो बोलनेका.’ म्हणजे पुन्हा या. आपल्या ‘येते’ची सख्खी बहीणच. मग थोडं थांबून म्हणाल्या की त्यांनी एकाच ठिकाणी ‘आवजो’ म्हटलं आणि परत कधी गेल्या नाहीत. कंपालाला. शेजारणीकडे घराची किल्ली ठेवली होती.

निरोपाचे फंडे

एवढं सगळं ऐकल्यावर मी शिळफाटाला विचारलं, की बाई, शेवटी तू केलंस काय? तिची यादी माझ्या मते सॉलिड आहे. पुढच्या वर्षी तुमचा नंबर लागला तर उपयोगी पडेल.

एक. शेवटच्या आठवड्यात नवीन काही बघायचं नाही. लंडन आय, मादाम तुसाँ राहिलं तर राहिलं. ते पोस्टरवर आहे. आपल्या रोजच्या ठिकाणी जायचं. रोजचा बाक, रोजचं दुकान, रोजचा ब्रिज. आपलं शहर तेवढंच असतं.

दोन. सगळी कागदपत्रं आणि पैशांचे व्यवहार निघायच्या चार दिवस आधी संपवायचे. डिपॉझिट, किल्ल्या, फोनचं बिल, ऑयस्टर कार्डातले उरलेले पैसे. शेवटची संध्याकाळ कस्टमर केअरच्या होल्ड म्युझिकवर घालवू नका.

तीन. फ्रिज मॅग्नेट मित्रांसाठी. स्वतःसाठी फुकटातली वस्तू आणा. तिने ऑफिसजवळच्या लायब्ररीचा बुकमार्क आणलाय.

चार. माणसांना तोंडावर सांगा की मी चालले. कॉफीवाल्यालाही. तिने सांगितलं तेव्हा त्याने शेवटची कॉफी फुकट दिली आणि कपावर पहिल्यांदा नाव बरोबर लिहिलं!

पाच. परत आल्यावर ‘तिकडे ना...’ हे दोन शब्द दिवसातून तीनदाच. चौथ्यांदा म्हटलंत तर घरचे जेवायला वाढणार नाहीत. ‘इकडे काय काय झालं?’ हे मात्र हवं तितक्या वेळा विचारा. आपण नव्हतो तेव्हाही इथे कॅलेंडर फाटत होतं.

हा पाचवा फंडा तिने सर्वांत मन लावून पाळला. १७ सप्टेंबरला ती उतरली. ब्रिटनमध्ये त्या महिन्यात सलग सात दिवस कुठे ना कुठे तापमान तिशीच्या वर होतं, त्यामुळे ही रापून आलेली. इकडे भात पोटरीला आलेला, डोंगर अजून हिरवेगार, गौरीसाठी तेरडा फुललेला. गणपतीच्या गडबडीतच ती आईबरोबर बाजारात गेली आणि भाजीवाल्या बायकांच्या रांगेत एकेक चेहरा बघत फिरली. दोघी भेटल्या. एक नव्हती. तिच्याबद्दल विचारल्यावर दुसरीने फक्त डोंगराकडे हात केला.

पुढे नोव्हेंबरमध्ये कंपनीने विचारलं, दोन वर्षांसाठी लंडनला जातेस का? पगार, पोझिशन, सगळं वरचं. आपल्यापैकी नव्वद टक्के लोकांनी मेल पूर्ण वाचायच्या आधी ‘येस’ टाइप केलं असतं. घरचेही जा म्हणत होते. तिने चार दिवस घेतले आणि एक अट घातली. जानेवारी ते मे जाईन. जूनच्या आत परत. मॅनेजरला वाटलं, लग्न ठरलंय. एचआरला वाटलं, पगार वाढवून हवाय. ‘पावसाळा आहे’ हे कारण त्यांच्या फॉर्ममध्ये बसत नव्हतं, म्हणून शेवटी ‘फॅमिली रीझन्स’ लिहिलं. दोन वर्षांची पोस्ट गेली, दुसऱ्याला मिळाली. त्याचं प्रमोशनही झालं. हिला पाच महिने मिळाले.

वाईट वाटतं का, असं मी विचारलं. ‘वाटतं ना,’ ती म्हणाली. ‘ईएमआय भरताना तर जाम वाटतं.’ पण ३० मे २०२४ ला ती शिळफाट्याला पोचली होती. पाऊस ९ जूनला मुंबईत आला. त्या वर्षी शेवळं घरी आली, काकडं घालून झाली आणि तिने आम्हाला डब्यातून आणून घातली. घसा खाजला नाही.

दोन्ही वेळा लंडनहून निघताना ती बांना ‘येते’ म्हणाली. दोन्ही वेळा गोड्या मसाल्याचा डबा त्यांच्या ओट्यावरच्या फडताळात ठेवून आली, पुढच्या वेळी लागेल म्हणून. परवा बांचा फोन आला होता. त्यांनी विचारलं, मसाल्याचा वास उडत चाललाय, मी वापरून टाकू, की तू येतेयस?